घेतला, फसला, विकला

१० डिसेंबर २०२० रोजी 'सायबरपंक २०७७' हा व्हिडिओ गेम बाजारात आला. प्लेस्टेशन ४ वर तो इतका अडखळत होता, की आठ दिवसांतच सोनीने तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढला आणि ग्राहकांना पैसे परत देऊ केले. जून २०२१ मध्ये तो पुन्हा विक्रीला आला.

असे पैसे परत मिळण्याचं भाग्य क्वचितच. एरवी न आवडलेल्या गेमची डिस्क दुकानात देऊन मिळेल ते पदरात पाडून घ्यायचं. अमेरिकेत गेमस्टॉप या गेम-दुकानांच्या साखळीचा बराचसा धंदा याच देवघेवीवर वाढला. नवलाई ओसरली की भाव पडतो. तेव्हा हिरमुसलेल्याने घाई केलेली बरी!

डाउनलोड केलेला गेम मात्र असा विकता येत नाही. स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानात परतावा मिळतो, पण खरेदीला १४ दिवस उलटायच्या आत आणि खेळून २ तास व्हायच्या आत. कित्येक गेमची तर तेवढ्यात नांदीही संपत नाही.