माळव्याचा उन्हाळा आणि मधमाशीचे वाण

हिवाळ्यात माळव्यात मोहरी व धणे फुलले म्हणजे शेतांच्या बांधावर मधपेट्यांच्या रांगा दिसू लागतात. या पेट्यांतील माशी बहुधा आपल्या सह्याद्रीतील सातेरी नव्हे. ती मेलिफेरा नावाची युरोपीय जात होय. १९६० नंतरच्या दशकात नगरोटा येथे (हे गाव तेव्हा पंजाबात होते, आज हिमाचल प्रदेशात आहे) ती आपल्या देशात प्रथम नीट रुजली. पेटी विकत घेणारा इंदूरकडील शेतकरी साहजिकच विचारतो की, माशी एकाच जातीची असता ती उत्तरेकडील थंड मुलखातून आणली काय किंवा शेजारच्या गावातून आणली काय, फरक तो कोणता?

फरक मोठा आहे, वाचकहो. उष्णतेने माशीचे बीज पालटते, अशी पुष्कळांची समजूत असते. तसे नव्हे. हवामान बीज घडवीत नाही, ते निवड करते. वैशाखात इंदूरचा पारा चाळिशीच्या वर जातो, आणि पेटीतील पिलाव्याला तर ३४ ते ३५ अंशांचीच ऊब मानवते. तेव्हा कामकरी माश्या पाणी वाहून आणतात व पंखांनी वारा घालतात. राणी उंच हवेत दहा-वीस नरांशी संयोग करते. त्यामुळे एकाच पेटीत अनेक बापांच्या लेकी नांदतात. कोणी थोड्या उष्म्यानेच वारा घालू लागते, कोणी उशिरा. म्हणून ऊब एकसारखी राहते. (नराची गंमत अशी की, त्याला बाप नसतो, पण आजोबा असतो!) ज्या वसाहतीला हे साधत नाही, किंवा जी फुले सरल्यावरही पिलावा वाढवीत बसते, ती उन्हाळ्यात खचते. उरलेल्यांचेच नर पुढच्या हंगामात आकाशात असतात. कामकरी माशी कामाच्या दिवसांत पाच-सहा आठवडेच जगते. म्हणून राणी बदलली की दोन-तीन महिन्यांत पेटी तीच, पण वस्ती सारी नवी.

राणीचे हे स्वातंत्र्य मठाधिपती ग्रेगोर मेंडेल यांनाही आवरले नाही. वाटाण्यांवरून आनुवंशिकतेचे नियम शोधणाऱ्या या धर्मगुरूंनी ब्रनोच्या मठात निरनिराळ्या वाणांच्या मधमाश्या पाळून संकर करू पाहिला. परंतु राणी कोणत्या नरांकडे जाते यावर त्यांचा ताबा चालेना.

हवामानाची ही निवड आपल्या देशी माशीत डोळ्यांनी दिसते. काश्मीरकडील माशी मोठ्या अंगाची, दक्षिणेकडील लहान. दक्षिणेतही डोंगरातली काळसर, मैदानातली पिवळट. याहून ठळक उदाहरण दक्षिण अमेरिकेचे. १९५६ साली वॉरविक कर या शास्त्रज्ञाने ब्राझीलमध्ये आफ्रिकेतील माश्या आणल्या. १९५७ साली त्यांतील काही थवे निसटले आणि उष्ण प्रदेशांतील युरोपीय पेट्यांत त्यांचे रक्त वेगाने पसरले. अर्जेंटिनात मात्र दक्षिणेकडे थंडी वाढते तसतसा आफ्रिकी अंश घटत जातो. तेथे कुंपण कोणी घातले नाही. हिवाळ्यानेच ते घातले.

युरोपात २००९ ते २०१२ या काळात अकरा देशांत सोळा वाणांच्या वसाहती शेजारी शेजारी ठेवून पाहण्यात आल्या. स्थानिक राणीच्या वसाहती बाहेरच्यांपेक्षा सरासरी ८३ दिवस अधिक जगल्या. मधाच्या एका हंगामाचे नफानुकसान एवढ्यात ठरते.

आपल्याकडे अडचण अशी की, फुलोऱ्यामागे पेट्या ट्रकांतून एका राज्यातून दुसऱ्या राज्यात फिरतात, आणि एका उन्हाळ्याने केलेली निवड पुढच्याच मोसमात परक्या नरांत मिसळून जाते. सातेरीशी मेलिफेराचा संकर तगत नाही, तेव्हा तिकडूनही मदत नाही. फिरतीवाचून मध थोडा, हे खरेच. पण वाचलेल्या दोन-चार वसाहतींपासून राण्या वाढविणे घरच्या घरी जमण्यासारखे आहे. जो नव्याने पेट्या घेणार आहे त्याने विकणाऱ्याला किंमत विचारण्याआधी एवढे विचारावे: ही राणी कोठे जन्मली, आणि तिच्या आईच्या पेटीने माळव्याचे किती उन्हाळे काढले?