पाहुण्याचं घड्याळ

मागच्या अंकाची मांडणी मी लॅपटॉपवर, लिनक्सच्या व्हर्च्युअल मशीनमध्ये करत होते. जेवायला उठताना झाकण लावलं. परत येऊन उघडलं तर काळ्या पडद्यावर ‘बग: सॉफ्ट लॉकअप’, आणि पुढे सीपीयू २,४००हून जास्त सेकंद अडकल्याची नोंद. मशीन मेलं असं समजून मी ते जबरदस्तीने बंद केलं. सेव्ह न केलेलं अर्धं संपादकीय आणि चार पानांची मांडणी गेली. नंतर वाचलं तेव्हा कळलं, बहुधा मशीनला काहीच झालं नव्हतं.

व्हर्च्युअल मशीन म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटातला दुसरा कॉम्प्युटर. बाहेरचा होस्ट, आतला गेस्ट; आपण यजमान आणि पाहुणा म्हणू. पाहुण्याला वाटतं सीपीयू आपलाच. खरं तर यजमान देईल तेव्हाच तो चालतो, एरवी थांबलेला असतो, आणि थांबलो होतो हे त्याला कळतही नाही.

पूर्वी लिनक्स वेळ ठरवायचं ते टायमरचे ठोके मोजून: सेकंदाला १००, आणि २.६ आवृत्तीत पीसीवर १०००. पाहुणा थांबलेला असताना ठोके हुकायचे, घड्याळ मागे पडायचं. म्हणून आता तो वेळ यजमानाकडून घेतो. केव्हीएममध्ये यजमान मेमरीतल्या एका सामायिक जागेत वेळेची माहिती लिहून ठेवतो, पाहुणा ती वाचतो. घड्याळ सुधारलं, पण राखणदाराची पंचाईत झाली.

राखणदार म्हणजे कर्नलमधला वॉचडॉग. प्रत्येक सीपीयूवर एक छोटंसं काम मधूनमधून चालून हजेरी लावतं. एक टायमर साधारण दर ४ सेकंदांनी ती हजेरी बघतो. २० सेकंद उलटून गेले तरी नवी हजेरी नसेल तर कर्नलचा कुठला तरी कोड सीपीयू अडवून बसलाय असं धरून तो ओरडतो. त्या दुपारी त्याने जागं होऊन घड्याळ पाहिलं, तर शेवटची हजेरी चाळीस मिनिटांपूर्वीची! हिशेब चोख होता. मधल्या वेळात तो स्वतःही झोपला होता, एवढंच त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

केव्हीएममध्ये ते सांगायची सोय आहे. यजमान ‘मी तुला थांबवलं होतं’ अशी खूण ठेवतो, ती दिसली की पाहुणा राखणदाराची हजेरी नव्याने सुरू करतो. पण यजमानावर भार जास्त असल्यामुळे पाहुण्याला सीपीयू मिळाला नाही, तर अशी खूण नसते. तेव्हा ‘टॉप’ कमांडमधला ‘एसटी’ हा आकडा बघायचा (आपली लाल गाडी नव्हे, हा ‘स्टील टाइम’, म्हणजे यजमानाने पळवलेला वेळ). तो वाढलेला असेल तर दोष बाहेरचा.

काहीजण वॉचडॉग सरळ बंदच करतात. मला ते पटत नाही. मग सीपीयू खरोखर अडकला तरी कोण सांगणार? त्यापेक्षा मर्यादा वाढवावी. आणि मूळ सेटिंगमध्ये तो फक्त ओरडतो, मशीन पाडत नाही. आता असा संदेश दिसला की मी मिनिटभर थांबते, कीबोर्ड चालतो का बघते आणि आधी फाइल सेव्ह करते. तोच संदेश पुन्हा पुन्हा येत राहिला, तरच बंद करायचा विचार.