वाळीत टाकणे म्हणजे काय?

वाळीत टाकलेल्याला गावाबाहेर काढत नाहीत. गावात ठेवूनच तोडतात. दुकानदार माल देत नाही, लग्नाचे बोलावणे येत नाही, मयताला खांदा मिळत नाही. म्हणून ‘हा समाजाचा अंतर्गत मामला’ हा बचाव पटत नाही. तो अगदीच पोकळ नाही, हेही खरे: मुंबई राज्याचा १९४९ चा बहिष्कारविरोधी कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये, दाऊदी बोहरा धर्मगुरूंच्या याचिकेवर, धर्मस्वातंत्र्याच्या मुद्द्यावरच रद्द ठरवला. पण किराणा, शाळा, स्मशान यांच्या वाटा अडवण्यात कसले आले धर्मस्वातंत्र्य? महाराष्ट्राच्या २०१६ च्या कायद्याने (अंमल ३ जुलै २०१७ पासून) हे अडवणेच गुन्हा ठरवले: तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दंडाची रक्कम पीडिताला देता येते, ही तरतूद कैदेहून मोलाची.