जुन्या तबकड्यांचा संग्रह

इ. स. १९०२ च्या एप्रिलात फ्रेड गेसबर्ग नावाचा एक तरुण ध्वनिमुद्रक रोम शहरी उतरला होता. पोपच्या सिस्टाइन देवालयातील गायकांचे गाणे त्याने तेथे मेणाच्या पाटीवर उतरून घेतले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात हाच गृहस्थ कलकत्त्यास आला व गोहरजान बाईंचा आवाज त्याने टिपला. हिंदुस्थानच्या भूमीवर तबकड्यांचा उद्योग सुरू झाला तो असा. रोमच्या देवालयातील स्तोत्र आणि कलकत्त्याच्या मैफलीतील ठुमरी, दोन्ही एकाच माणसाच्या भोंग्यातून एकाच वर्षी गेली, ही गोष्ट मला प्रथम कळली तेव्हा मोठी मौज वाटली.

रोमची हकीकत थोडी पुढे सांगितली पाहिजे. ख्रिस्ती मठांतून शतकानुशतके चालत आलेले जे लॅटिन स्तोत्रगायन, त्याला पोप ग्रेगरी याच्या नावावरून ग्रेगोरियन गायन म्हणतात. त्याला वाद्याची साथ नाही, तालाच्या मात्रा नाहीत; सर्वांनी एका सुरात म्हणावयाचे. या ग्रेगरीच्या निधनास तेराशे वर्षे झाली म्हणून १९०४ च्या एप्रिलात रोमला परिषद भरली, आणि ग्रामोफोन कंपनीने तेथील गायन तबकड्यांवर घेतले. त्या काळी या गायनाच्या लयीविषयी पोथिए आणि मोकरो या दोघा विद्वान साधूंमध्ये मतभेद होता. दोघांनीही आपापल्या मताप्रमाणे गाऊन घेतले. त्यामुळे त्या तबकड्या ऐकणाऱ्याला नुसते गाणे मिळत नाही, त्या वादाच्या दोन्ही बाजू कानांनी ऐकावयास मिळतात. युरोपातील संग्राहक त्यांच्या मागे धावतात ते उगीच नव्हे. पुढे १९३० साली फ्रान्सातील सोलेम येथील साधूंनी गाझार यांच्या नेतृत्वाखाली मोठा संच मुद्रित करविला.

आपल्याकडे असे झाले नाही. आपल्या देवळांतील आणि दिंड्यांतील गायन टिकावे म्हणून कोणी कंपनीस पाचारण केले नाही. कंपनी आली ती बाजारात काय खपेल ते पाहत आली. भाऊराव कोल्हटकर १९०१ सालीच निवर्तले होते. भास्करबुवा बखले १९२२ पर्यंत आणि अल्लादियाखाँ १९४६ पर्यंत होते, तरी त्यांची एकही तबकडी मिळत नाही. ज्या नायकिणींना समाज दारात उभे करीत नव्हता त्या निर्भयपणे भोंग्यापुढे बसल्या, आणि म्हणून आज त्यांचेच आवाज आपल्यापाशी आहेत. भक्तिपर गाणे आले ते पुष्कळसे रंगभूमीच्या व बोलपटाच्या आडवाटेने. १९३६ च्या 'संत तुकाराम' या प्रभातच्या बोलपटातील विष्णुपंत पागनीस यांची गाणी वऱ्हाडातील कितीतरी घरांतून वाजत असत. माझ्या संग्रहास आरंभही खामगावच्या एका जुन्या वाड्यात माळ्यावर सापडलेल्या अशाच दोन तबकड्यांनी झाला.

तबकडी म्हणजे काय, हे नव्या पिढीला सांगावे लागते. पळस, बोर, कुसुम या झाडांवरील किड्यांची लाख, तीत दगडाची पूड आणि काजळी मिसळून हा काळा पदार्थ होतो. आरंभी मूळ ध्वनिलेख आपल्याकडे घेऊन छापण्याकरिता जर्मनीत हॅनोव्हरला पाठवीत. १९०८ साली कलकत्त्यास सियालदह येथे कारखाना निघाला. परदेशच्या कारागिरास गाणारा कोण हे कळावे म्हणून गायक शेवटी आपले नाव उच्चारीत असे. तीन मिनिटांत ख्याल आटोपून घाईघाईने आपले नाव सांगणाऱ्या त्या आवाजात जो किंचित थकवा असतो, तो मला कित्येकदा गाण्यापेक्षाही अधिक जवळचा वाटतो.

लाखेचा हा धर्म ठाऊक नसल्यामुळे माझ्या हातून एक अपराध घडला. एका स्त्रीगायिकेची एकतर्फी तबकडी मला मिळाली होती. तिच्यावर धुळीची पुटे चढली होती. शाळेच्या प्रयोगशाळेतील भिंगे आम्ही स्पिरिटने पुशीत असू, त्याच सवयीने मी कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये भिजवून तबकडीवरून फिरविला. स्पिरिटमध्ये लाख विरघळते. कापूस काळा झाला तो धुळीने, अशा समजुतीत मी दुसरा बोळा घेतला. वाजवून पाहिले तेव्हा अर्ध्या भागात केवळ खरखर उरली होती, आणि शेवटी बाईंनी सांगितलेले नाव तर पार पुसून गेले होते. वरच्या कागदावरील अक्षरे आधीच वाळवीने खाल्लेली. ती बाई कोण, हे मला आता कधीही कळणार नाही. ज्यांना अशी तबकडी मिळेल त्यांनी कोमट पाणी, थोडा सौम्य साबण आणि मऊ कापड एवढेच वापरावे, मधला कागद भिजू देऊ नये, आणि लगेच सावलीत वाळवावी.

दुसरा शत्रू आपले ऊन. बुलढाणा घाटावर असल्याने तेथे थोडा थंडावा आहे. परंतु घाटाखाली खामगाव, शेगाव, मलकापूर या बाजूस वैशाखात पत्र्याच्या छपराखाली ठेवलेली तबकडी पापडासारखी वाकते. तबकड्या एकावर एक रचू नयेत. ग्रंथांप्रमाणे उभ्या, आतल्या भिंतीशी ठेवाव्यात. पोलादी सुई एकदाच वापरावी, कारण दगडाच्या पुडीने ती झिजते व झिजलेली सुई रेषा उकरते. खरे म्हणजे दुर्मीळ तबकडी जुन्या यंत्रावर वाजवूच नये. हलक्या काट्याच्या यंत्रावर एकदा वाजवून संगणकात उतरून घ्यावी. मुंबईस १९९० पासून जुन्या तबकड्यांच्या संग्राहकांची संस्था काम करीत आहे. तिने प्रसिद्ध केलेल्या अंकांतून मला बहुत शिकावयास मिळाले.

एक बारीक प्रश्न मात्र शिल्लक राहतो, तो वेगाचा. मिनिटास ७८ फेरे हा नियम पुढे स्थिर झाला. आरंभीच्या तबकड्या कधी ७४ वर, कधी ८० वर घेतल्या आहेत. ७४ ची तबकडी ७८ वर वाजविली तर सूर जवळजवळ अर्ध्या स्वराने चढतो, आणि पुरुषाचा भारदस्त आवाज पोरका वाटू लागतो. ग्रेगोरियन गायनाला वाद्याची साथ नाही, तेव्हा तेथे ताडून पाहण्यास काहीच आधार नाही. आपल्याकडे निदान पेटी वाजत असते. त्या गायकाची पट्टी इतर तबकड्यांवरून ठरवून पेटीशी जुळविता येते. शेजारचे एक पेटीवाले वयोवृद्ध गृहस्थ याबाबतीत माझे गुरू आहेत. सध्या आमच्यापुढे एक जोगिया आहे. त्यांच्या मते गायकाची पट्टी काळी दोन. मला ती पांढरी दोन वाटते. येत्या रविवारी पुन्हा बसावयाचे ठरले आहे.