पुडीतला जीव जपा



मागे एका आडसाली हंगामात आम्ही गट ऑफिसच्या ओट्यावर बसलो होतो. एक वडीलधारे सभासद आले आणि जिवाणू खताची रिकामी पिशवी आमच्यापुढे टाकून म्हणाले, "साहेब, ही तुमची पुडी म्हणजे नुसता कोळशाचा चुरा. आठ सऱ्यांना लावली, आठ तशाच ठेवल्या. आता कुठल्या कुठल्या ते तुम्हीच ओळखा." आम्ही बांधावर गेलो, सरीत उतरलो, फुटवे मोजले. खरंच, काही ओळखू येईना.

बोलणे मनाला लागले, कारण पुड्या वाटल्या होत्या आमच्याच हाताने. चौकशी केली तेव्हा उलगडा झाला. माल आला मे महिन्यात. तो उतरवला पत्र्याच्या शेडमध्ये, युरियाच्या थप्पीला लागून, आणि लागणी सुरू होईपर्यंत दीड-दोन महिने तिथेच पडून राहिला. उरलेल्या पुड्या प्रयोगशाळेत तपासून घेतल्या, तर त्यांत जिवंत जिवाणू नावालाच होते. सभासदाचे म्हणणे सोळा आणे खरे निघाले आणि चूक आमची ठरली. आम्ही त्या सभासदांकडे जाऊन तसे कबूल केले. तेव्हापासून हा जीव काय सोसतो, काय सोसत नाही आणि का, हे आम्ही समजून घेत आलो. तेच आज आपल्यापुढे ठेवत आहोत.

पुडीत असते काय?

ती काळी भुकटी म्हणजे बहुधा लिग्नाइट असते. ते केवळ वाहन. माल आहे तो आत बसलेला जिवाणू. खत नियंत्रण आदेशानुसार भुकटीतल्या जिवाणू खताच्या एका ग्रॅममध्ये किमान ५ कोटी जिवंत पेशी असाव्या लागतात. म्हणजे पाव किलोच्या पुडीत १,२५० कोटी जीव झाले. देशाच्या लोकसंख्येच्या आठपट वस्ती आपण पिशवीत घालून सायकलला अडकवतो आणि उन्हात चहाच्या टपरीवर थांबतो!

या प्रत्येक जीवाला घर म्हणून एकच खोली. तिच्या बाहेरच्या भिंतीला पेशीभित्तिका म्हणतात. भित्तिकेच्या आत एक अतिशय पातळ पडदा असतो, तो पेशीपटल. असे लाख-सव्वा लाख पडदे एकावर एक रचले तर कुठे एक मिलिमीटर जाडी भरेल. पण जिवाणूचा सगळा प्रपंच या पडद्यावर चालतो. अन्न आत घेणे, घाण बाहेर टाकणे, श्वसनातून शक्ती मिळवणे, सगळे इथेच. पडदा फाटला की जिवाणू संपला.

तूप आणि तेल

हा पडदा स्निग्ध पदार्थांचा बनलेला असतो, आणि इथेच खरी गंमत आहे. थंडीत घरातले तूप थिजते, खोबरेल बाटलीत घट्ट बसते, पण करडईचे तेल पातळच राहते, हे आपल्या माउलींना सांगावे लागत नाही. कारण असे की, तुपातल्या बऱ्याच मेदाम्लांच्या साखळ्या सरळ असतात. मोळीतल्या सरळ उसासारख्या त्या एकमेकींना चिकटून बसतात. करडईच्या तेलातल्या साखळ्यांना वाकण असते. वाकड्या उसाची मोळी जशी घट्ट बांधता येत नाही, तशा त्या सैल राहतात.

जिवाणूच्या पटलात या दोन्ही प्रकारच्या साखळ्या असतात, आणि हवामान बघून तो त्यांचे प्रमाण बदलतो. थंडी पडली की वाकड्या साखळ्या वाढवतो, म्हणजे पडदा थिजत नाही. उष्णता वाढली की सरळ साखळ्या वाढवतो, म्हणजे पडदा पातळ होऊन गळत नाही. मार आणि इन्ग्रॅहम या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९६२ मध्ये ई. कोलाय या आतड्यातल्या जिवाणूवर हे मोजून दाखवले. पुढे १९७४ मध्ये सिनेन्स्की यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. तोच जिवाणू १५ अंशांत वाढवा की ४३ अंशांत, ज्या तापमानात तो वाढला त्या तापमानाला त्याच्या पटलाचा पातळपणा जवळजवळ सारखाच राहतो. उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात पोळीच्या कणकेला पाणी कमी-जास्त करून सुगरण जशी कणीक एकसारखी ठेवते, तसाच हा प्रकार.

थंडी पडली हे त्याला कळते कसे? आपल्या शेतात सर्वत्र आढळणाऱ्या बॅसिलस सबटिलिस या जिवाणूत याचे उत्तर सापडले. अर्जेंटिनातील रोसारियो येथील शास्त्रज्ञांनी २००१ मध्ये दाखवले की, त्याच्या पटलातच एक प्रथिन रोवलेले असते आणि ते तापमापकाचे काम करते. पडदा घट्ट होऊ लागला की ते आत वर्दी देते. मग एक विकर तयार होऊन असलेल्या सरळ साखळ्यांनाच वाकण पाडते. पहारेकरी भिंतीतच चिणलेला, असे म्हणाना.

वेळ दिला तर तगतो

सभासद बंधूंनो, या सगळ्यातली कामाची गोष्ट एकच. ही दुरुस्ती व्हायला वेळ लागतो. नव्या धर्तीचा पडदा बहुधा वाढता वाढता तयार होतो. लिग्नाइटच्या भुकटीत जिवाणू जेमतेम तग धरून बसलेला असतो. त्याला ना पुरेसे अन्न, ना वाढीला वाव. तिथे त्याला एकाएकी तापलेल्या पत्र्याखाली ठेवले, तर दुरुस्तीला सवडच मिळत नाही. सोबतच्या प्रथिनांचीही उष्णतेने नासाडी होते आणि खेळ संपतो.

काही जातींकडे तातडीची सोयही असते. स्यूडोमोनास पुटिडा हा जिवाणू विषारी द्रव्याचा मारा झाला की पटलातल्या वाकड्या साखळ्या आहेत त्या जागी सरळ करतो. त्याला नवे मेद बनवावे लागत नाही आणि काम काही मिनिटांत होते. जर्मन शास्त्रज्ञांनी हे १९९२ मध्ये प्रसिद्ध केले. पण ही कला सर्वांना अवगत नाही.

अॅझोटोबॅक्टरची तऱ्हा आणखी वेगळी. बायेरिंक या डच शास्त्रज्ञाने १९०१ मध्ये शोधलेला हा जिवाणू दिवस वाईट आले की स्वतःभोवती जाड कवच बांधून कोष करतो. त्या वेळी पटलातले नेहमीचे स्निग्ध पदार्थ काढून त्यांच्या जागी दुसऱ्याच जातीचे पदार्थ बसवतो. असा कोष कोरड्या मातीत वर्षानुवर्षे टिकतो. पण कोष बांधायलाही अवधी लागतोच.

आपल्या उसाच्या जवळचा म्हणजे अॅसेटोबॅक्टर. ब्राझीलमध्ये काव्हाल्कांते आणि योहाना डोबेराइनर यांनी १९८८ मध्ये तो उसाच्या मुळांत आणि कांड्यांत राहताना दाखवला. हवेतला नत्र धरणारा हा जीव १० टक्के साखरेच्या आंबट रसात मजेत वाढतो, ३० टक्के साखरही सोसतो. या कुळातल्या जिवाणूंच्या पटलात हॉपॅनॉइड नावाचे ताठ रेणू असतात. कुडाच्या भिंतीला वासे असावेत तसे ते पडद्याला आधार देतात. उसाच्या पोटात राहायचे तर एवढी तयारी हवीच!

खारवट जमीन आणि खताचे पाणी

नदीकाठच्या आपल्या पुष्कळ जमिनी जादा पाण्याने खारवट झाल्या, हे दुखणे सर्वांच्या परिचयाचे आहे. बाहेर क्षार वाढले की जिवाणूच्या आतले पाणी ओढले जाते आणि पडदा आक्रसतो. अशा वेळी जिवाणू आधी पालाश आत घेतो, मग प्रोलिन, बीटेन असे निरुपद्रवी पदार्थ साठवून पाणी धरून ठेवतो. पटलातल्या स्निग्ध पदार्थांचे प्रमाणही बदलतो. मग एकदम गोडे पाणी मिळाले तर? पाणी आत घुसून पेशी फुटायची वेळ येते. त्यासाठी पटलात झडपा असतात. ताण फार झाला की त्या उघडतात आणि आतला साठा बाहेर सोडून जीव वाचवतात. बंधाऱ्याचे दरवाजे पुरात उघडतात, तद्वत.

पण युरिया किंवा सुपर फॉस्फेट कालवलेल्या घट्ट पाण्यात पुडी ओतली, तर इतकी क्षाराची धडक त्या बिचाऱ्याने सोसावी कशी? मोरचूद किंवा बुरशीनाशक मिसळले तर विषाचा मार वेगळाच. "एकाच टाकीत सगळं उरकून घेऊ," असे गडी म्हणतो, आणि आपण पैसे मोजून आणलेले जिवाणू आपल्याच टाकीत मारतो.

हाच नियम उलट बाजूनेही

जीव मारायचाच असेल तेव्हा आपण नेमके उलट वागतो. बेणेमळ्यासाठी मूलभूत बेण्याला उष्ण बाष्प हवेची प्रक्रिया देतात, ५४ अंशांवर अडीच तास. उसाचा डोळा एवढी उष्णता सोसतो. गवताळ वाढ आणणारा जंतू सोसत नाही. त्या जंतूला तर पेशीभित्तिकाच नसते, आहे तो फक्त पडदा. तेव्हा तापमान कमी ठेवून किंवा वेळ चोरून ही प्रक्रिया करू नये. अर्धवट मारलेला शत्रू उरतो आणि पुढे बेण्याबरोबर गावभर फिरतो.

मात्र एक ध्यानात ठेवा. प्रक्रियेतून निघालेली गरम टिपरी तशीच जिवाणूंच्या द्रावणात बुडवू नका. ती सावलीत पूर्ण निवू द्या.

आता करायचे काय?

पुडी घेताना वरची मुदत वाचा. घरी आणल्यावर ती थंड, सावलीच्या खोलीत ठेवा. खताच्या, औषधाच्या थप्पीजवळ नको, पत्र्याखाली नको, गाडीच्या डिकीत तर मुळीच नको. लागणीपुरतीच आणा.

राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या शिफारशीप्रमाणे हेक्टरी बेण्यासाठी १०० लिटर पाण्यात १० किलो अॅसेटोबॅक्टर आणि सव्वा किलो स्फुरद विरघळवणारे जिवाणू कालवून टिपरी ३० मिनिटे बुडवावीत. बुरशीनाशकाची प्रक्रिया आधी करावी. टिपरी निथळून सुकल्यावर मग जिवाणूंची. दोन्हींची टाकी वेगळी ठेवा, निदान धुऊन घ्या. टाकीतले पाणी दुपारच्या उन्हाने तापलेले नसावे. काम सकाळी किंवा उन्हे कलल्यावर करावे आणि टिपरी लगेच मातीआड करून पाणी द्यावे. खारवट रानात आधी निचऱ्याचे बघा. पुडी ही चराची जागा घेणार नाही.

आमच्या शेतकी खात्यानेही आपली वहिवाट बदलली. आता माल लागणीच्या तोंडावर येतो, विटांच्या थंड खोलीत उतरतो आणि प्रत्येक खेपेतली एखादी पुडी तपासणीला जाते. पुडी मागताना "साहेब, कधी आली?" असे सभासदांनी बिनदिक्कत विचारावे. तो आपला हक्क आहे, आणि विचारलेले आम्हाला आवडेल.

त्या वडीलधाऱ्या सभासदांनी पुढच्या लागणीला पुन्हा आठ आणि आठ सऱ्या केल्या. या वेळी पुडी ओल्या फडक्यात गुंडाळून, माठाशेजारी ठेवली होती. श्रावणात त्यांनी आम्हाला बोलावले. बांधावर उभे राहून नुसते बोट केले आणि म्हणाले, "आता ओळखा." या खेपेला सऱ्या ओळखायला आम्हाला खाली उतरावे लागले नाही.

तरी सर्व ऊस उत्पादक सभासदांनी याची नोंद घ्यावी आणि शंका असल्यास आपल्या गट ऑफिसात यावे, ही विनंती.

ऊस विकास अधिकारी