जुनं फझ पेडल, नवी कॉपी आणि परभणीचा मे महिना

फझ पेडल म्हणजे गिटारचा आवाज मुद्दाम फाडणारी डबी. सिग्नल इतका वाढवायचा की लाटेचे शेंडे कापले जातात आणि आवाज भरड, घरघरणारा होतो. रोलिंग स्टोन्सच्या 'सॅटिस्फॅक्शन'ची (१९६५) सुरुवात आठवा, ते माएस्ट्रो फझ-टोन. पुढच्याच वर्षी लंडनच्या आर्बिटरने गोल डब्यातलं 'फझ फेस' आणलं आणि जिमी हेन्ड्रिक्सने ते गाजवलं. त्या जुन्या पेडलसाठी लोक आजही भरमसाठ पैसे मोजतात. आता परभणीत बसून गिटार वाजवणाऱ्याने काय घ्यावं?

आधी झाकण उघडूया. फझ फेसमध्ये दोन ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, तीन कपॅसिटर आणि दोन नॉब. झाले अकरा पार्ट. सर्किट कुणापासून लपलेलं नाही, मग कॉपी करायला अडचण काय?

अडचण ट्रान्झिस्टरची. सुरुवातीचे फझ फेस जर्मेनियमचे होते, आणि त्या काळी एकाच खोक्यातले दोन नगसुद्धा सारखे नसायचे. म्हणून दोन जुनी पेडलं शेजारी ठेवली तर एक मऊ, गोलसर वाजतं आणि दुसरं नुसतं भसाडं. 'व्हिंटेज आवाज' म्हणून लोक ज्याची स्तुती करतात तो नशिबाने जुळलेल्या जोड्यांचा आवाज आहे. माझ्या मते नीट निवडलेल्या ट्रान्झिस्टरची नवी कॉपी सरासरी जुन्या पेडलपेक्षा चांगलीच वाजते.

पण जर्मेनियमला गरमी सोसत नाही. त्यातून थोडा करंट नेहमी गळतो, त्याला लीकेज म्हणतात. तापमान दहा अंशांनी वाढलं की ही गळती साधारण दुप्पट होते. परभणीत हिवाळ्यातली कडाक्याची पहाट पाच-सहा अंशांवर जाते आणि मे महिन्याची दुपार चाळिशी ओलांडते. पाच ते पंचेचाळीस धरा: गळती सोळा पट! २५ अंशांना १०० मायक्रोअँपिअर गळणारा, म्हणजे बरा समजला जाणारा नग ४५ अंशांना ४०० गळतो. पहिल्या ट्रान्झिस्टरच्या वाट्याला मुळात २५० च्या आसपासच करंट असतो. मग सूर लांबत नाही, मध्येच तुटतो, फटफटतो. मल्टिमीटर लावलात तर दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवर साडेचारच्या जागी सात-आठ व्होल्ट दिसतील. मंडपातल्या हॅलोजनखाली ठेवलेल्या पेडलचं तर विचारूच नका.

म्हणून जर्मेनियमच हवं असेल तर बायसचा नॉब किंवा आत ट्रिमर असलेली कॉपी बघा. ऋतू बदलला की थोडं फिरवायचं, काम झालं.

सिलिकॉनची गोष्ट वेगळी. आर्बिटरनेही १९६० च्या दशकाच्या शेवटी बीसी १०८, बीसी १८३ असे सिलिकॉन ट्रान्झिस्टर वापरायला सुरुवात केली. त्यांची गळती नगण्य, त्यामुळे उन्हाळा-हिवाळा सारखाच. आवाज मात्र जास्त धारदार, आणि गिटारचा व्हॉल्यूम कमी केल्यावर जर्मेनियम जसं स्वच्छ होतं तसं हे तितकंसं होत नाही. शिवाय गेन जास्त असल्याने रेडिओही पकडतं. सूर लावताना मध्येच आकाशवाणी परभणी ऐकू आली तर दचकू नका. कलेक्टर आणि बेसमध्ये १०० पिकोफॅरडचा कपॅसिटर लावून बघा. नियमित कार्यक्रम करणाऱ्याला मी सिलिकॉनच सुचवेन.

स्वतः बनवणाऱ्यांसाठी एक गोष्ट. बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६० च्या दशकात जर्मेनियम ट्रान्झिस्टर बनवायला सुरुवात केली होती. जुन्या रेडिओच्या भंगारात एसी १२८ सापडला तर फेकू नका. पण साध्या मल्टिमीटरच्या गेनच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका, तो गळतीलाही गेन समजतो. मीटर बेसला १० मायक्रोअँपिअर देत असेल, खरा गेन ८० आणि गळती ३०० असेल, तर आकडा दिसेल ११०. आधी बेस मोकळा ठेवून गळती मोजा, ती वजा करा. पहिल्या जागी ७०-८० चा आणि दुसऱ्या जागी ११०-१३० चा नग बसवला की जुन्या चांगल्या पेडलच्या अगदी जवळ जाता.

आणि हो, एसी १२८ पीएनपी आहे, म्हणजे जुन्या पद्धतीच्या सर्किटमध्ये बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक अर्थला जातं. असं पेडल बाकीच्या पेडलांच्या अ‍ॅडॉप्टरवर एकत्र जोडलंत तर थेट शॉर्ट. त्याला स्वतंत्र नऊ व्होल्टची बॅटरीच द्या.