२४ पाउंड म्हणजे नक्की किती?

ठाण्यात बॅडमिंटन चांगलंच रुजलंय. महापालिकेची सय्यद मोदी बॅडमिंटन प्रशिक्षण योजना तुम्ही ऐकली असेलच. ठाण्यात काय किंवा डोंबिवलीत काय, रॅकेट गटिंगला दिली की पहिला प्रश्न ठरलेला: "किती पाउंड?" आपण सांगतो २४. टेनिसवाला सांगतो ५०. पण यंत्र हा आकडा आणतं कसं, ते कधी पाहिलंय?

यंत्राची कामं दोन: फ्रेम घट्ट धरणं आणि प्रत्येक तार ठरलेल्या बलाने ओढणं. टेनिस रॅकेटमध्ये साधारण १६ उभ्या तारा असतात. प्रत्येकी ५० पाउंड धरले तर एकूण ८०० पाउंड, म्हणजे सुमारे ३६३ किलोचा भार. आडव्या तारा बसेपर्यंत हा भार फ्रेमला लांबीच्या दिशेने दाबतो. म्हणून अनेक यंत्रांत फ्रेम सहा ठिकाणी धरलेली असते.

ओढण्याच्या मुख्य पद्धती तीन.

१. वजनाचा दांडा: दांड्यावरचं वजन सरकवून ताण ठरवतात. पण दांडा आडवा असतानाच आकडा खरा. १० अंश कलला तर ताण सुमारे १.५ टक्के कमी होतो, २० अंश कलला तर ६ टक्के. साधं कोसाइनचं गणित आहे.

२. हँडल: फिरवलं की स्प्रिंग दाबली जाते, ठरलेला ताण आला की खटका बसतो. इथून पुढे तारेची लांबी पक्की. पण नायलॉनच्या रेणूसाखळ्या सरकत राहतात, त्यामुळे ताण लगेच उतरू लागतो.

३. इलेक्ट्रॉनिक: सेन्सरला ताण उतरलेला कळला की मोटर पुन्हा ओढते. म्हणजे ताण पक्का, लांबी वाढत जाते.

आता गंमत बघा. सगळ्यात साधा वजनाचा दांडासुद्धा तिसऱ्याच गटात बसतो, कारण वजन ओढायचं थांबत नाही. हँडलच्या यंत्रावरचे २४ मात्र बाकी दोघांपेक्षा सहसा ढिले निघतात.

समजा, तुम्ही 'तारेचा ताण आणि शटलचा वेग' यावर प्रयोग करताय. अर्ध्या रॅकेट एका दुकानातून, अर्ध्या दुसऱ्या दुकानातून गटिंग करून आणल्या. यंत्रं वेगळी असतील तर निकालातला फरक ताणाचा की यंत्राचा, हे नंतर आकडेमोड करूनही सुटेलच असं नाही. वर्षभराची मेहनत अडकू शकते.

त्यामुळे सगळ्या रॅकेट एकाच यंत्रावर करा. तारेच्या जागी डिजिटल ताणकाटा लावून यंत्राचा आकडा आधी तपासा. क्लॅम्प लावण्याआधी प्रत्येक वेळी तेवढेच सेकंद थांबा. गटिंगनंतर ताण उतरतच राहतो, म्हणून मोजमाप किती तासांनी घेतलं तेही लिहा. 'ताण २४ पाउंड' एवढंच लिहिलेला प्रयोग दुसऱ्या कुणाला पुन्हा करता येत नाही.

तुमच्या प्रयोगशाळेतल्या उपकरणालाही हाच प्रश्न विचारून बघा: पडद्यावरचा आकडा नेमक्या कोणत्या क्षणाचा आहे, आणि त्यानंतर काय बदलतं?